नकलेची रुजवात

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात, तामिळनाडू सरकारच्या सचिवालयापासून थोड्याच अंतरावर, सेंट मेरीचे चर्च उभे आहे. स्ट्रेनशॅम मास्टर हा मद्रासचा गव्हर्नर असताना २५ मार्च १६७८ रोजी त्याच्या बांधकामास आरंभ झाला आणि २८ ऑक्टोबर १६८० रोजी ते उपासनेसाठी खुले झाले. इंग्रजांनी भारतात बांधलेल्या आणि आज उभ्या असलेल्या चर्चांमध्ये हे सर्वांत जुने मानले जाते. तोफेच्या गोळ्याला दाद देऊ नये म्हणून त्याचे छप्पर विटांच्या जाड कमानींचे केलेले आहे. रॉबर्ट क्लाइव्हचा विवाह १७५३ साली येथेच झाला. मराठी मनुष्याला या वास्तूत आपुलकीच्या आणखी दोन खुणा सापडतात. तंजावरचे सरफोजीराजे ज्याला गुरुस्थानी मानीत, त्या श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याचे संगमरवरी स्मारक येथे आहे. आणि वेदीपुढचा कठडा ही तंजावरच्या राजकन्येची भेट म्हणून ओळखली जाते.

या कठड्यापलीकडे, वेदीच्या वरच्या भिंतीवर, एक भव्य तैलचित्र लावलेले आहे. विषय ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचा. चित्रकाराचे नाव कोठेही नाही. १७६१ च्या जानेवारीत इंग्रजांनी फ्रेंचांपासून पाँडिचेरी जिंकून घेतली, तेव्हा लुटीबरोबर हे चित्र मद्रासेस आले, असे परंपरा सांगते. चित्र राफाएलच्या पठडीतले आहे, एवढेच सांगून परंपरेचे समाधान होत नाही. भोजनाच्या मेजावरचा पेला खुद्द राफाएलच्या हातचा आहे, असेही ती सांगून टाकते. राफाएल वारला १५२० साली. फ्रेंचांनी पाँडिचेरीस वसाहत केली ती १६७४ साली. हा काळाचा हिशेब मांडला, की चांगला शिकलेला प्रेक्षक मंद हसतो, "म्हणजे नक्कलच ना ही," असे म्हणतो आणि पुढच्या स्मारकाकडे वळतो.

या "नक्कलच ना" मधील "च" विषयी मला आज थोडे बोलावयाचे आहे. नक्कल म्हटली की ती कमअस्सल, आणि कमअस्सल म्हटली की तिची विचारपूस करण्याचे कारण नाही, अशी आपल्या मनाची एक घडण होऊन बसली आहे. या घडणीपायी जुन्या तैलचित्रांचे फार नुकसान होत आले आहे. आणि चित्रांबरोबर इतिहासाचेही.

मी सरकारी नोकर आहे. आमच्या दप्तरात नक्कल हा शब्द मुळीच हलका नाही. महसूल खात्यात किंवा न्यायालयात एखाद्या कागदाची नक्कल मागितली, तर ती देण्याचा एक विधी असतो. अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली, कोणी उतरवून घेतली, या सर्वांच्या नोंदी होतात. मग दुसरा कारकून अस्सल कागद समोर ठेवून नक्कल ओळीने ओळ ताडून पाहतो. या ताडून पाहण्याला आमच्याकडे "रुजवात" म्हणतात. रुजवात झाली, सही-शिक्का पडला, की त्या कागदावर "अस्सलबरहुकूम नक्कल" असे लिहिले जाते, आणि पुढे अस्सल जळाले किंवा वाळवीने खाल्ले, तरी ती नक्कल साक्षीला उभी राहू शकते. इतिहाससंशोधकही हेच करतात. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जी पत्रे मिळवली, त्यांत अस्सले होती तशा नकलाही होत्या. नक्कल आहे म्हणून त्यांनी कागद फेकून दिले नाहीत. ती कोणत्या अस्सलावरून उतरली आणि किती विश्वासाची, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला.

चित्राच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारला पाहिजे. हे चित्र नक्कल असेल, तर कशाची? आणि ती कशावरून केली? यांतील दुसरा प्रश्न महत्त्वाचा. कारण जुन्या काळी दूरदेशी चित्रकाराच्या समोर मूळ तैलचित्र किंवा भित्तिचित्र क्वचितच असे. रोमच्या भिंतीवर रंगवलेले चित्र काढून जहाजात घालता येत नाही. प्रवास करी तो कागदावरचा छाप.

हा छाप कसा निघे, ते थोडक्यात सांगतो. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यावयाचा. एका रीतीत त्यावर पोलादी कोरणीने सरळ रेघा कोरीत. ही कोरीव छापाची रीत. दुसऱ्या रीतीत पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर देत, त्यावर सुईने चित्र रेखाटीत आणि मग पत्र्यावर अम्ल सोडीत. सुईने जेथे मेण खरवडले असेल, तेवढेच तांबे अम्ल खाते; बाकीचे मेणाच्या आड सुरक्षित राहते. याला एचिंग म्हणतात. आपण अम्लरेखन म्हणू. कोरणीला मनगटाचा जोर लागतो, पण सुई मेणावरून कागदावरच्या लेखणीसारखी सहज धावते. म्हणून मनात आलेली रेघ जशीच्या तशी उतरवू इच्छिणाऱ्या कलावंतांना अम्लरेखन अधिक प्रिय झाले. मग रेघांत शाई भरावयाची, वरचा पृष्ठभाग पुसून घ्यावयाचा, ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढावयाचा. एका पत्र्यापासून शेकडो छाप निघत. ताम्रपट आपल्यालाही अपरिचित नव्हते; पण आपले ताम्रपट दान दिल्याची साक्ष देत एका घराण्याच्या पेटीत राहत, तर युरोपातील ताम्रपट शाई लावून घेऊन जगभर हिंडत. आपल्याकडे पुण्यात नाना फडणविसांनी एका तांबटाकरवी भगवद्गीता छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेण्यास आरंभ केला आणि पुढे मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली ते काम तडीस गेले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मात्र तोवर युरोपात या विद्येला साडेतीनशे वर्षे होऊन गेली होती.

राफाएलचे नाव जगभर गेले ते मुख्यतः याच वाटेने. मार्कान्तोनिओ रायमोन्दी नावाचा कोरीव छापांचा एक असामान्य कारागीर त्याच्याशी जोडला गेला. राफाएल आराखडा करी आणि मार्कान्तोनिओ तो तांब्यावर उतरवी. अखेरच्या भोजनाचा त्यांचा छाप १५१५-१६ च्या सुमाराचा आहे. मेजाखाली सर्व शिष्यांचे अनवाणी पाय त्यात स्पष्ट दिसतात, म्हणून फ्रेंच संग्राहकांनी त्याला "पायांचे चित्र" असे नावच पाडले. लिओनार्दोचे अखेरचे भोजन पाहावयाचे तर मिलान गाठावे लागे. राफाएलचे अखेरचे भोजन मात्र छापाच्या रूपाने कोणाही चित्रकाराच्या कार्यशाळेत येऊन पोहोचे. समुद्रापार कोरोमंडलच्या किनाऱ्यावर एका चर्चमधल्या चित्राला राफाएलचे नाव चिकटावे, यामागे हा कागदांचा प्रवास आहे. हा मार्कान्तोनिओ स्वतः नकलांच्या बाबतीत सोवळा होता असे मात्र नाही. आल्ब्रेख्त ड्यूररच्या लाकडी ठशांच्या चित्रमालेची नक्कल त्याने तांब्यावर केली आणि ड्यूररची नाममुद्राही खाली कोरून टाकली. ड्यूररने व्हेनिसच्या सरकारकडे दाद मागितली, तेव्हा त्याचे नाव वापरू नये एवढाच निकाल मिळाला, असे चरित्रकार वाझारी सांगतो. म्हणजे त्या न्यायाधीशांच्या दृष्टीनेही नक्कल करणे हा गुन्हा नव्हता; ती कोणाची, याविषयी खोटे सांगणे हा गुन्हा होता. यापेक्षा शहाणा निकाल आजही देता येणार नाही.

छापावरून रंगवलेले तैलचित्र ओळखण्याच्या काही खुणा आहेत. पहिली खूण उजव्या-डाव्याची. पत्र्यावरचे चित्र कागदावर उलटे उमटते. कोरणाऱ्याने आधी ते उलटवून घेतले नसेल, तर छापात सगळी माणसे डावखुरी होतात. तलवार उजव्या कमरेला येते, आशीर्वादाचा हात डावा होतो. अशा छापावरून केलेले तैलचित्र हा दोष मुकाट्याने वाहते. दुसरी खूण रंगांची. छाप काळा-पांढरा; मूळचा झगा निळा होता की तांबडा, हे दूरच्या चित्रकाराला कोण सांगणार? त्याला रंग मनाने भरावे लागतात, आणि नेमके तेथेच तो स्वतःचा देश, स्वतःचा काळ आणि स्वतःजवळ असलेली रंगद्रव्ये उघड करतो. तिसरी खूण छायेची. छापात सावली ही आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीने दाखवलेली असते. कच्चा नकलकार त्या रेघांनाच वस्त्राच्या चुण्या समजून रंगवून बसतो. चौथी खूण कडांची. छापाचा कागद जेथे संपतो तेथे चित्र संपते. पण कॅनव्हासचे माप वेगळे असले, की भर घालण्यासाठी एखादे झाड, एखादा पडदा किंवा आकाशाचा तुकडा जोडलेला दिसतो, आणि तो जोड मूळ रचनेशी बोलत नाही. या चार खुणा हाताशी धरून पाहिले, की चित्र आपणहून आपली कुळकथा सांगू लागते.

आता कोणी म्हणेल, कुळकथा समजली, पण कलेचे काय? पदरचे रंग भरणारा तो अखेर नकलकारच. यावर व्हॅन गॉगचे उदाहरण पुरेसे आहे. १८९० साली तो फ्रान्समध्ये सें-रेमीच्या रुग्णालयात होता. त्याच्याजवळ रेम्ब्रांटच्या एका अम्लरेखनाची प्रत होती. विषय, मृत लाझरसला ख्रिस्ताने उठवल्याचा. ते अम्लरेखन १६३२ च्या सुमाराचे. त्यात ख्रिस्ताची उंच आकृती पाठमोरी उभी आहे आणि भोवती चकित झालेली माणसे. व्हॅन गॉगने त्यातील तीनच माणसे घेतली, लाझरस आणि त्याच्या दोन बहिणी. ख्रिस्ताच्या जागी त्याने पिवळाधमक सूर्य आणला. अशा कामाला तो नक्कल मानीत नसे. दुसऱ्याची रचना वाजवणाऱ्या वादकाशी तो त्याची तुलना करी. आपल्या श्रोत्यांना ही कल्पना नवी वाटू नये. एकच बंदिश ग्वाल्हेरचा गवई गातो आणि किराण्याचाही गातो. दुसऱ्याला आपण पहिल्याचा नकलकार म्हणत नाही. बंदिश तीच, पण तिला रंग देणारा गळा निराळा.

अर्थात प्रत्येक नकलकार व्हॅन गॉग नसतो. बहुतेक नकला साधारण हातांच्या असतात. तरीही त्या साधारण हातांनी एक फार मोठे काम केले आहे, आणि त्यात भारताचा वाटा केवळ घेणाऱ्याचा नाही. १५८० साली जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीस आले, तेव्हा अँटवर्प येथे छापलेले अनेकभाषी बायबल त्यांनी भेट म्हणून आणले. त्यातील कोरीव चित्रे मोगल चित्रशाळेत पोहोचली. केसू, बसावन, मनोहर या चित्रकारांनी युरोपीय छापांवरून कामे केली. १६०० च्या सुमारास बारा-तेरा वर्षांच्या अबुल हसनने ड्यूररच्या १५११ सालच्या छापातील संत जॉनची आकृती इतक्या समजुतीने उतरवली, की ती आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाची शोभा झाली आहे. हा मुलगा पुढे जहांगीरचा लाडका चित्रकार ठरला.

आणि अर्ध्या शतकाने हीच वाट उलट दिशेने चालली गेली. डच कंपनीची जहाजे कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून कापड नेत. चेन्नईच्या उत्तरेस असलेल्या पुलिकत येथे १६१३ पासून त्यांचा किल्ला होता. त्यांच्या व्यापारातून भारतातील चित्रे ॲमस्टरडॅमच्या बाजारात पोहोचली, आणि ती रेम्ब्रांटच्या दृष्टीस पडली. १६५६ ते १६६१ या काळात त्याने मोगल चित्रांवरून केलेली वीसांहून अधिक रेखाटने आज अस्तित्वात आहेत. झाडाखाली बसलेल्या चार शेखांचे एक रेखाटन त्यांत आहे. त्याच बैठकीच्या आधाराने रेम्ब्रांटने १६५६ साली अब्राहम आणि त्याचे देवदूत पाहुणे यांचे अम्लरेखन केले. मेज-खुर्ची सोडून देऊन ही मंडळी आपल्या रीतीप्रमाणे जमिनीवर पंगतीला बसली! आता असे समजा, की त्या अम्लरेखनावरून पुढे कोणी तैलचित्र केले आणि ते फिरत फिरत भारतात एखाद्या बंगल्यात आले. पाहणारा म्हणेल, युरोपीय चित्राची नक्कल. पण त्या पंगतीचे मूळ तर येथेच होते. नकलेची कुळकथा न विचारल्याने आपलेच माणूस दारातून परक्यासारखे परत जाण्याचा संभव असतो.

आपले माणूस परके होण्याची गोष्ट मी अलंकार म्हणून बोललो नाही. महाराष्ट्रात हे प्रत्यक्ष घडलेले आहे, आणि त्या कथेचा एक धागा या मद्रास शहराशीच बांधलेला आहे.

शिवाजी महाराज १६७७ साली कर्नाटकाच्या मोहिमेवर होते, तेव्हा त्यांनी मद्रासच्या इंग्रजांकडे माणूस पाठवून काही औषधी द्रव्ये मागवली, आणि कौन्सिलने त्यांची किंमत न घेता ती नजराण्यादाखल पाठवली, अशी सेंट जॉर्ज किल्ल्याच्या दप्तरात नोंद आहे. यानंतर नऊ वर्षांनी, १६८६ साली, निकोलाओ मनुची नावाचा एक व्हेनिसचा मनुष्य मद्रासेत स्थायिक झाला. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत आपण शिवाजी महाराजांना भेटलो, असे त्याने स्वतः लिहिले आहे. या मनुचीने मद्रासेस येण्यापूर्वी मीर मुहम्मद या चित्रकाराकडून मोगल बादशहा, शहाजादे आणि दक्षिणेतील राजे यांची चित्रे करून घेतली होती. त्यांत घोड्यावर स्वार झालेल्या शिवाजी महाराजांचेही एक चित्र आहे. १७०१ च्या सुमारास हा चित्रसंग्रह फ्रेंचांच्या हाती पॅरिसला गेला आणि तो आजही तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मनुचीने एक गोष्ट आवर्जून केली. ही चित्रे कोणी केली आणि ती कशावरून उतरवली, हे त्याने लिहून ठेवले. मीर मुहम्मद हा शहाजादा शहाआलमच्या पदरचा मनुष्य, आणि राजवाड्यातील मूळ चित्रांवरून त्याने नकला केल्या, असे तो सांगतो. आमच्या भाषेत सांगावयाचे, तर नकलेवर शेरा मारलेला आहे.

दुसरी वाट गोवळकोंड्याची. तेथील चित्रकारांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस राजेरजवाड्यांच्या प्रतिमांचे संच केले आणि ते डचांनी विकत घेऊन मायदेशी नेले. महाराजांची प्रतिमा असलेली अशी चित्रे ॲमस्टरडॅम आणि लंडन येथील संग्रहालयांत जपलेली आहेत. फ्रांस्वा व्हॅलेंटाइन या डच धर्मोपदेशकाने पूर्वेकडील देशांवर जो प्रचंड ग्रंथ १७२४ ते १७२६ या काळात प्रसिद्ध केला, त्यात तांब्यावर कोरून छापलेली महाराजांची प्रतिमा आहे. म्हणजे दख्खनी लघुचित्रावरून डच छाप, हा प्रवास अठराव्या शतकाच्या प्रथम चरणातच पुरा झाला होता.

इकडे महाराष्ट्रात काय चालले होते? विसाव्या शतकाच्या आरंभी भलत्याच एका व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते, त्यावरून तसबिरी होत होत्या आणि लोक त्यांना हार घालीत होते. भक्तीत कमतरता नव्हती. कमतरता रुजवातीची होती. चित्र कोणत्या अस्सलावरून आले, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो वा. सी. बेंद्रे यांनी विचारला आणि १९३० च्या दशकात, डच साधनांच्या आधाराने, महाराजांची खरी प्रतिमा महाराष्ट्रापुढे ठेवली. त्यानंतर आपल्या शाळांतून आणि कचेऱ्यांतून जी तैलचित्रे लागली, ती अशा जुन्या प्रतिमांच्या आधाराने रंगवलेली आहेत. म्हणजे ती नकलाच आहेत! त्या चित्रांतील नाकाची ठेवण आणि दाढीची रेषा ज्या कागदांनी सांगितली, ते कागद गोवळकोंड्याहून हॉलंडला आणि हॉलंडहून महाराष्ट्रात, असा अर्ध्या पृथ्वीचा फेरा करून आले आहेत. त्या तैलचित्राला नक्कल म्हणून हिणवण्याचे आपल्या मनातही येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण जो न्याय आपण आपल्या राजाच्या चित्राला लावतो, तोच सेंट मेरीतल्या अनामिक चित्राला आणि गावोगावच्या वाड्यांतल्या काळवंडलेल्या कॅनव्हासांना का लावू नये?

हा न्याय तंजावरच्या मराठी राजाला उमगला होता, असे सरस्वती महालातील संग्रह पाहिल्यावर वाटते. सरफोजीराजे १८२०-२२ या काळात काशीयात्रेला गेले, तेव्हा त्यांनी वाटेत संस्कृत पोथ्या विकत घेतल्या, आणि ज्या मिळाल्या नाहीत त्या पंडित बसवून नकलून आणल्या. याच राजाच्या संग्रहात युरोपीय छापही आहेत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा चित्रकार शार्ल ल ब्रँ याने माणसांचे आणि पशूंचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून केलेल्या अभ्यासाचे छाप तंजावरला आजही पाहावयास मिळतात. नकललेली पोथी आणि छापलेले चित्र या दोहोंना त्या राजाने एकाच छताखाली मान दिला. ज्ञान दुसऱ्याच्या हातून आले म्हणून त्याचे ज्ञानपण कमी होत नाही, हे त्याने ओळखले होते.

आता आजच्या स्थितीकडे वळतो. जुन्या संस्थानांचे वाडे, मिशनच्या शाळा, क्लब, सरकारी विश्रामगृहे यांतून अशी तैलचित्रे अजून आहेत. मालमत्तेच्या नोंदवहीत त्यांच्यासमोर बहुधा एवढेच लिहिलेले असते: "जुने चित्र, चौकटीसह, एक." कोणी अधिक चौकशी केली, तर "नक्कल" असा एक शब्द वाढतो आणि चित्राचे दिवस भरतात. ते ओलसर खोलीत जाते, किंवा चौकटीच्या लाकडासाठी लिलावात निघते. याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. जुन्या वस्तूंचा व्यापारी काळपट चित्राखाली रेम्ब्रांटचे नाव सांगतो आणि घेणारा घरदार गहाण टाकावयास निघतो. घरोघरच्या राजा रविवर्म्यांच्या चित्रांचेही असेच आहे. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथून निघालेल्या रंगीत छापांवरून कित्येक हातांनी पुन्हा तैलचित्रे केली. त्यांना अस्सल रविवर्मा म्हणून विकणे ही फसवणूक. पण नक्कल म्हणून फाडून टाकणे हाही अन्याय. दोन्ही चुकांचे मूळ एकच: रुजवात न करणे.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा उदार आहे. पुरावस्तू आणि कलानिधी यांविषयीचा १९७२ चा अधिनियम शंभर वर्षांपूर्वीच्या चित्राला पुरावस्तू मानतो. ते अस्सल आहे की नक्कल, भारतीय हाताचे की परदेशी, असा प्रश्न त्याची व्याख्या विचारीत नाही. शंभर वर्षे टिकून राहिलेली कलाकृती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पण कायदा वस्तूला बाहेर जाण्यापासून अडवू शकतो. ओल्या भिंतीपासून आणि आपल्या अनास्थेपासून तिला वाचवणे त्याच्या आवाक्यातले नाही.

म्हणून माझी सूचना अगदी कारकुनी थाटाची आहे. ज्यांच्या ताब्यात असे चित्र असेल, त्यांनी ते खिडकीच्या समोरच्या भिंतीवरून हलवावे, भिंत आणि चौकट यांत हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे, आणि हौसेने तेल किंवा साबण लावून ते पुसू नये. चित्राची मागची बाजू अवश्य पाहावी. कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का, लिलावाची चिठ्ठी, पूर्वीच्या मालकाचे नाव, हे सारे बहुधा पाठीवर असते, आणि चौकट बदलताना तेच पहिल्याने फेकले जाते. समोरून आणि मागून छायाचित्र घ्यावे. जगातील मोठ्या संग्रहालयांनी आपल्या छापांच्या प्रतिमा आता सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. त्यांच्याशी आपले चित्र ताडून पाहणे हे पूर्वीच्या पिढीला अशक्य असलेले काम आज एखादा विद्यार्थी चार संध्याकाळी बसून करू शकेल. आणि मग नोंदवहीत "नक्कल" या एका शब्दावर न थांबता पुढचे रकाने भरावेत: कोणाच्या रचनेची, कोणत्या छापावरून, कोणाच्या मार्फत आले, रंग कोठे बदलले, भर कोठे घातली. जो रकाना भरता येणार नाही तो मोकळा ठेवावा. पुढे येणारा मनुष्य तो भरील. मोकळा रकाना ही लाजेची गोष्ट नव्हे. त्यात मोठ्या कलावंताचे नाव दडपून लिहिणे ही मात्र आहे.

सेंट मेरीच्या वेदीवरचा तो पेला राफाएलने रंगवला, असे मानण्याची काहीच आवश्यकता नाही. त्या दंतकथेवाचूनही ते चित्र पुरेसे मोठे आहे. रोममधील एका कलावंताचे नाव, फ्रेंचांची वसाहत, इंग्रजांची लूट आणि तंजावरच्या मराठी राजकन्येचा कठडा, एवढ्या गोष्टी ज्याच्याभोवती एकत्र आल्या आहेत, त्या चित्राला फक्त नक्कल म्हणून पुढे जाणे आपल्याला परवडणारे नाही.